पॉइंट टूची फट

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकणच्या आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. विजेचा भार वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या वारांवर वाटला जावा म्हणून ही पद्धत पडली, आणि इतकी मुरली की आमच्या घरातल्या लग्नाच्या बैठका, बँकेची कामं, पाहुण्यांकडे जाणं, सगळं गुरुवारीच ठरतं. माणमध्ये मात्र गुरुवार हा ऐन कामाचा दिवस. शिवाजीनगरच्या मेट्रोचं टोक जिथे आहे तेच आमचं गाव, आणि हिंजवडी आयटी पार्कच्या फेज तीनकडे निघालेल्या गाड्यांची रांग सकाळी आठलाच घरासमोर लागते. त्या रांगेकडे पाठ करून, अंगणात एस्टीमच्या बॉनेटखाली डोकं घालून मी उभा होतो. दोन वर्षांपूर्वीच्या थंडीतली गोष्ट.

गाडी २००४ची मारुती एस्टीम. १२९८ सीसीचं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन, ८५ अश्वशक्ती. २०११ साली मी ती जुनी घेतली. माझी पहिली चारचाकी. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत नेऊन नोंदणी वाढवून घेतली, पण विकली नाही. त्या वर्षी दिवाळीनंतर सकाळी गाडी चालू केली की पुढून टिक-टिक-टिक असा आवाज यायला लागला. पाच मिनिटांत इंजिन तापलं की आवाज बंद. आधी वाटलं, टॅपेट वाजतायत. मग ॲव्हरेज चौदावरून दहावर आलं, प्लग काढले तर काजळीनं काळे. उष्णतारोधक पत्रा काढून बॅटरी मारली तेव्हा दिसलं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला, दोन आणि तीन नंबरच्या नळ्यांच्या मधे, केसासारखी तड गेली होती.

बिडाच्या मॅनिफोल्डला तड गेली की नुसता धूर बाहेर येतो असं नाही. दोन झटक्यांच्या मधे आत क्षणभर ओढ तयार होते आणि तडीतून बाहेरची हवा आत शिरते. ऑक्सिजन सेन्सर पुढेच बसलेला असतो. त्याला ती जास्तीची हवा दिसते, तो ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या संगणकाला, सांगतो की पेट्रोल कमी पडतंय, आणि ईसीयू पेट्रोल वाढवतो. इंजिनला काहीही झालेलं नसतं. तापल्यावर बीड फुगतं, तड मिटते, आवाज थांबतो, म्हणून माणूस फसतो.

एस्टीम कंपनीनं २००७ साली बंद केली. सुट्या भागांसाठी नाना पेठेत दोन दिवस फिरलो. नवा मॅनिफोल्ड नाही. भंगारातून एक मिळाला तर त्यालाही त्याच जागी तड. बिडाला वेल्डिंग करून देणारे भेटले, पण मी ते काम जवळून पाहिलंय, एवढ्या उष्णतेत ते फार टिकत नाही. शेवटी कंपनीतल्या एका मित्रानं सुचवलं, हेडर बसव, म्हणजे बिडाच्या मॅनिफोल्डऐवजी नळ्या जोडून केलेला. तरुणपणी तो रॅलीच्या गाड्यांबरोबर मदतनीस म्हणून हिंडलेला. एका फॅब्रिकेटरकडे एस्टीमच्या मापाचा फोर-टू-वन हेडर तयार होता. नळ्या ३०४ स्टेनलेसच्या, फ्लँज दहा मिलिमीटर जाड साध्या लोखंडाचा. चौदा हजार रुपये मोजून मी तो घरी आणला, जुन्या टॉवेलात गुंडाळून.

इथे माझा धंदा सांगायला हवा. मी १९९८ साली औंधच्या आयटीआयमधून फिटर होऊन बाहेर पडलो. काही वर्षं भोसरीत काढली, आणि गेली पंधरा वर्षं चाकण एमआयडीसीत एका कारखान्यात इन्स्पेक्शनला आहे. आमच्याकडे गाड्यांचे एक्झॉस्ट पाइप आणि मॅनिफोल्ड बनतात. माझ्या टेबलावर ग्रॅनाइटची सरफेस प्लेट, फिलर गेजच्या पट्ट्या, गो–नो गो गेज आणि एक ड्रॉइंग. फ्लँज प्लेटवर उपडा ठेवायचा आणि पॉइंट टूची पट्टी चारी बाजूंनी सरकवून पाहायची. पॉइंट टू, म्हणजे ०.२ मिलिमीटर. पट्टी आत गेली तर लाल पेटी, नाही गेली तर हिरवी. मग भोकं. मधल्या भोकांना साडेआठचा गेज, टोकाच्या दोन भोकांना दहाचा. एका शिफ्टला असे शेकडो नग हातांखालून जातात. पंधरा वर्षांत मी किती फ्लँज मोजले असतील त्याचा हिशेब नाही. पण ते नग इंजिनवर कसे बसतात हे एकदाही पाहिलेलं नव्हतं. आमच्या पट्ट्यात अशी हजारो माणसं आहेत. गाडीचा एकच तुकडा आयुष्यभर हाताळतात आणि त्या तुकड्याच्या पुढचं-मागचं त्यांना कुणी दाखवत नाही.

बुधवारी रात्री इंजिन कोमट असताना सगळ्या नटांवर रस्टोलीन मारून ठेवलं होतं. गुरुवारी सकाळी आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. एस्टीमचा मॅनिफोल्ड पुढे, रेडिएटरच्या तोंडाशी असतो. पंखा त्याच्या चौकटीसकट उतरवला की दोन्ही हात आत जातात. मुलगा पाने देत होता. तो डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. मारुतीला एम८च्या नटाला १२ नंबर लागतो, आमच्या शेजारच्यांच्या टाटाच्या गाडीला त्याच आट्याच्या नटाला १३. हे त्याला तोवर माहीत नव्हतं. पुस्तकात आटा शिकवतात, पाना शिकवत नाहीत.

सेन्सर २२ नंबरनं सुटला. खालचा पाइप सुटला. वरचे नट एकेक करून, थोडं सैल, थोडं परत घट्ट, पुन्हा सैल, असे करत निघाले. शेवटचा कोपऱ्यातला नट फिरतोय असं हाताला वाटलं, आणि तसं वाटायला नको होतं. नट फिरत नव्हता, स्टड पिळवटत होता. मी हात थांबवायला अर्धा क्षण उशीर केला. कट्. स्टड मोडला. हेडमधून सहा-सात मिलिमीटरचं थोटूक बाहेर राहिलं.

अशा वेळी ड्रिल लावायचं नाही. हेड ॲल्युमिनियमचं असतं, स्टड त्याहून कठीण. ड्रिल जरा घसरलं की मऊ धातूत शिरतं आणि मग हेड उतरवावं लागतं. आमच्या आळीत गेट-ग्रिलचं दुकान आहे, गावातलं असल्यामुळे ते गुरुवारी उघडं असतं. दुकानदार नात्यानं माझा पुतण्या लागतो, "काका, आणतो मशीन" म्हणाला आणि घेऊनच आला. ईसीयूचा कनेक्टर काढला, पेट्रोलच्या नळीवर ओलं पोतं टाकलं, बादली भरून जवळ ठेवली. थोटकावर एक नट बसवून त्याच्या पोटात वेल्डिंग भरलं. वेल्डिंगचा लोखंडाशी सांधा होतो, ॲल्युमिनियमशी होत नाही, म्हणून हेडला धोका कमी. थोटूक लाल होऊन पुन्हा काळं पडलं, जरा निवलं, तेव्हा आट्याच्या मुळाशी मेणबत्ती टेकवली. मेण वितळून आत ओढलं गेलं. पान्याला हलका ताण दिला आणि स्टड लोण्यातून यावा तसा फिरत बाहेर आला. मुलानं इतक्या जोरात ओरडून दाद दिली की आबा, माझे वडील, ओसरीवरून उठून आले.

तोवर दुपारचे दोन वाजले होते. हेडचा चेहरा घासून साफ केला आणि नवा हेडर जागेवर धरून पाहण्याआधी, सवयीनं, फ्लँजला पोलादी पट्टी लावून उजेडाकडे धरला.

उजेड दिसला. दोन्ही टोकांना. फिलर गेज आणला. पॉइंट टू सहज गेली. पॉइंट थ्री गेली. पॉइंट फोर गेली. ०.४५ला पट्टी धरली.

कारण मला लगेच कळलं, रोजचंच आहे ते. नळ्या फ्लँजच्या एका बाजूनं वेल्ड होतात. वेल्डिंग निवताना आक्रसतं आणि टोकांना आपल्याकडे ओढतं. म्हणून आमच्याकडे नग फिक्श्चरमध्ये जाड प्लेटला बोल्टनं आवळून वेल्ड करतात, निवेपर्यंत सोडत नाहीत, आणि शेवटी चेहऱ्यावर एक मशीनिंगचा कट मारतात. ज्यानं हे बनवलं त्यानं नळ्या छान वाकवल्या होत्या, आर्गन वेल्डिंगही देखणं होतं. पण शेवटचा कट मारला नव्हता. एवढ्या फटीवर गॅस्केट टाकून आवळलं असतं तर कदाचित आठवडाभर चाललं असतं, मग टोकाच्या सिलिंडरांपाशी गॅस्केट जळून पुन्हा तीच टिक-टिक, तीच चोरटी हवा. चौदा हजार रुपये खर्चून मी तड विकत आणली होती.

सरफेस ग्राइंडिंगचं काम अर्ध्या तासाचं. भोसरीत दहा ओळखीचे आहेत. पण वार गुरुवार, सगळी शटर बंद. पुतण्या म्हणाला, ग्राइंडर फिरवून देतो. त्याला मी नको म्हणालो, कारण हातातल्या ग्राइंडरनं खड्डे पडतात, सपाटी येत नाही. शुक्रवारी माझी फर्स्ट शिफ्ट, आणि आबांना शुक्रवारी संध्याकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं.

मग कानस काढली.

आयटीआयला फिटरच्या पहिल्या वर्षी आमच्या सरांनी आमच्याकडून लोखंडाचा ठोकळा सपाट करून घेतला होता. शेगड्यात ठोकळा, हातात बास्टर्ड कानस, आणि महिनोन् महिने तेच. तळहातांना फोड. कानस डोलली की ठोकळ्याला कुबड येतं, म्हणून खांदा, कोपर, मनगट एका रेषेत ठेवायला शिकायचं. तेव्हा आम्ही चिडायचो की सीएनसीच्या जमान्यात हे कशाला. त्या दुपारी पंचवीस वर्षांनी माझा खांदा आपोआप त्या रेषेत आला.

स्लायडिंगच्या दुकानातून बारा मिलिमीटर जाड काचेचा तुकडा आणला. चांगली फ्लोट काच बरीच सपाट असते, घरच्या कामाला सरफेस प्लेट म्हणून चालते. तिच्यावर निळा रंग पातळ पसरायचा, फ्लँज त्यावर फिरवायचा. जिथे निळं लागेल तिथे उंचवटा, तिथेच कानस. आमच्या भाषेत ब्लू मॅचिंग. पहिल्यांदा फक्त मधल्या दोन नळ्यांभोवती निळं आलं. तासाभरानं ठिपके बाहेर सरकले. आडवी कानस, मग तिरपी, मग दुसऱ्या बाजूनं तिरपी. नळ्यांच्या तोंडात आलेले वेल्डिंगचे ओठ अर्धगोल कानशीनं काढले, कारण तिथेच वायू अडतो. मुलाला मी तासभर कानस दिली. पहिली दहा मिनिटं ती डोलली, नंतर कमी डोलली.

आबा खुर्ची टाकून बसले होते. वय ब्याऐंशी. आयटी पार्क यायच्या आधी आमचं शेत जिथे होतं तिथे आता काचेची इमारत आहे. बराच वेळ गप्प बसून त्यांनी विचारलं, "हे तापतं किती?"

म्हटलं, "नळ्या सातशे-आठशे अंशांपर्यंत जातात, आबा. फ्लँज त्याहून कमी. तीनशे धरा."

"मग हे वाढणार की. भोकं तर अगदी टिच्चून पाडलीत."

आबांच्या लहानपणी गावात लोहार बैलगाडीच्या चाकाला धाव चढवायचा. लोखंडी धाव चाकापेक्षा जरा लहान करायची, शेणींच्या जाळात लाल करायची, ती फुगली की चिमट्यांनी धरून लाकडी चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. आक्रसताना ती चाकाला अशी आवळायची की आरे करकरायचे. लोखंड तापलं की वाढतं हे आबा शाळेत शिकले नाहीत, त्यांनी ते पाण्याच्या वाफेत उभं राहून पाहिलं होतं.

मी कानस खाली ठेवली. फूटभर लांबीचा लोखंडी फ्लँज तीनशे अंशांनी तापला तर एक मिलिमीटरहून जास्त वाढतो, स्टेनलेसचा असता तर दीड. खालचं हेड पाण्यानं थंड राहतं, ते तेवढं वाढत नाही. फ्लँजची टोकं बाहेर सरकू पाहणार आणि स्टड त्यांना धरून ठेवणार. सरकायला जागा नसेल तर स्टड वाकणार, फ्लँज कमान होणार किंवा नळी तडकणार. म्हणून टोकाची भोकं मोठी ठेवतात. दहाचा गेज! पंधरा वर्षं मी मधल्या भोकांना साडेआठचा आणि टोकांना दहाचा गेज घालत होतो, आणि टोकांना दहाच का, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. मला वाटायचं, बसवणाऱ्याला सोपं जावं म्हणून असेल.

टोकाची दोन्ही भोकं दहापर्यंत वाढवली.

त्या फ्लँजवर वाकलेला असताना मला एक जुनी गोष्ट आठवत राहिली. काही वर्षांपूर्वी महिनाअखेरीस एक लॉट माझ्याकडे आला. सपाटी पॉइंट टू हवी, निघत होती पॉइंट टू-फाइव्ह, काही पॉइंट थ्री. गाडी गेटवर उभी, ग्राहकाची लाइन थांबायची भीती. डेव्हिएशनचा कागद फिरला, वरच्यांच्या सह्या झाल्या, खाली माझी. लॉट गेला. तक्रार आली नाही, म्हणून सगळे विसरले. मीही विसरलो होतो. ०.४५ची पट्टी हातात धरून स्वतःच्या अंगणात उभं राहिल्यावर ती सही आठवली. तो लॉट कुठल्या तरी गाड्यांवर आहे. त्यातल्या एखाद्याची गाडी चार वर्षांनी सकाळी टिक-टिक करत असेल, पेट्रोल जास्त पीत असेल, आणि मेकॅनिक त्याचे टॅपेट ॲडजस्ट करून पैसे घेत असेल. तेव्हापासून मी असल्या कागदावर सही केलेली नाही. दोनदा त्यावरून बोलणी झाली. ती मी ऐकून घेतली.

रात्री साडेआठला निळा रंग पूर्ण चेहऱ्यावर सारखा आला. पॉइंट वन कुठेच शिरेना. नवे स्टड, नवं गॅस्केट, तांब्याचा मुलामा दिलेले नट, आट्यांना कॉपर ग्रीस. मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, दोन फेऱ्यांत, टॉर्क पान्यानं आवळलं.

पहिल्यांदा चालू केल्यावर धूर निघतो, हाताचं तेल जळतं, त्याला घाबरायचं नाही. पंखा सुरू होण्याआधी देवघरातली उदबत्ती पेटवून फ्लँजच्या कडेनं फिरवली. फट असेल तिथे धुराची रेघ थरथरते किंवा आत ओढली जाते. चारही तोंडांपाशी रेघ सरळ वर गेली. नळ्या आमच्या डोळ्यांदेखत आधी गवती पिवळ्या झाल्या, नंतर मुळाशी जांभळ्या. शनिवारी इंजिन गार असताना सगळे नट पुन्हा तपासले, दोन जरासे सैल झाले होते.

लोक विचारतात, पिकअप किती वाढला. इंजिन ६००० फेऱ्यांवर असताना एक फेरी दहा मिलिसेकंदांची, म्हणजे चार सिलिंडरांत दर पाच मिलिसेकंदांनी एक झटका. आखूड मॅनिफोल्डमध्ये एकाचा झटका शेजाऱ्याच्या अजून उघड्या असलेल्या व्हॉल्व्हवर जाऊन आदळतो. संध्याकाळी सहाला सगळ्या कंपन्या एकदम सुटल्यावर हिंजवडीच्या शिवाजी चौकात जे होतं तेच. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, म्हणून फोर-टू-वनमध्ये एकला चारशी आणि दोनला तीनशी जोडतात. जोडीतल्या दोघांच्या मधे पूर्ण एक फेरी जाते, कुणी कुणाच्या वाटेत येत नाही. तत्त्व खरं आहे. पण बाकी इंजिन मूळचंच असेल तर फायदा थोडाच होतो, आणि चार-पाच हजारांत नव्या पाच अश्वशक्ती देतो म्हणणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही. माझं ॲव्हरेज परत चौदावर आलं. प्लग तांबूस निघाले. मला एवढंच हवं होतं.

कायद्याचं स्पष्ट बोललं पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल करता येत नाही ज्यानं नोंदणीतला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल, आणि सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९च्या निकालात हे कडकपणे सांगितलं आहे. धूर आणि आवाजाचे नियम मोडले तर २०१९च्या दुरुस्तीनंतर दहा हजारांपर्यंत दंड आणि लायसन्स तीन महिने बाद. माझ्या गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सेन्सर आणि कंपनीचा सायलेन्सर, तिन्ही जागेवर आहेत. गाडी आधीपेक्षा मोठ्यानं वाजत नाही. पीयूसीला कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्के आला. त्या काळच्या गाड्यांना मर्यादा अर्ध्या टक्क्याची आहे.

हे मुद्दाम लिहितो, कारण फेज तीनच्या मोकळ्या रस्त्यावर रात्री अकरानंतर तरुण पोरं कन्व्हर्टर काढून टाकलेल्या गाड्या आणतात. फटाके फुटल्यासारखे आवाज होतात, आबा दचकून उठतात. त्या गाड्यांतून जे बाहेर पडतं ते आमच्या गावात राहतं. काढलेला कन्व्हर्टर भंगारात विकला जातो, त्यातल्या प्लॅटिनम, पॅलेडियमसाठी. त्या पोरांना हेडर बसवायचा असेल तर जरूर बसवावा, मी रविवारी संध्याकाळी मोकळा असतो, पाने देईन, स्टड मोडला तर काढूनही देईन. पण कन्व्हर्टर उतरवायला माझ्या अंगणात येऊ नये.

आणि जे कुणी घरी हे काम करायला घेणार असतील त्यांना एक विनंती. हेडर घ्यायला जाताना खिशात फिलर गेज आणि एक सरळ पट्टी ठेवा. पैसे देण्याआधी फ्लँज उजेडाकडे धरा. टोकाची भोकं मधल्यांपेक्षा मोठी आहेत का ते पाहा. दुकानदार हसला तर हसू द्या. जुना मॅनिफोल्ड तोवर गाडीवरच राहू द्या.